शुगरचा पंचनामा

पोलिओनं माझा डावा पाय नेला तेव्हा मी नीट चालायलाही शिकले नव्हते. म्हणून त्याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही. जे आधी नव्हतंच, त्याच्यासाठी काय रडायचं? लोक बिचारी बिचारी करायचे आणि मला वाटायचं, काय टकामका पाहून राहिले हे? शुगर मात्र मला तिशी ओलांडल्यावर झाली, चांगली शहाणीसवरती असताना झाली, आणि तिचा मला असा राग आला की विचारू नका. एक दुखणं दिलं होतं ना बाप्पा, मग दुसरं कायले?

ही ऐंशीच्या दशकातली सौंसरची गोष्ट. विहाराच्या मागच्या गल्लीत आई आणि मी, दोघीच राहायचो. बाबा संत्र्याच्या बागेत कामाला होते. मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी ते गेले. पुढं आईनं कापूस वेचून, संत्र्याच्या पेट्या भरून घर चालवलं, आणि मग एका हंगामात तिची कंबर जी धरली ती सुटलीच नाही. वाकली की उठता येईना, उठली की वाकता येईना. तेव्हापासून आमच्या घरात पैसा यायचा तो एकाच वाटेनं, माझ्या अपंगाच्या पेन्शनीच्या. रक्कम सांगितली तर आज तुम्ही हसाल. पण जवारी, राकेल आणि चहापत्ती तिच्यात निघायची, आणि आईला मोडक्या कमरेनं वावरात जावं लागत नव्हतं. आई तिला पेन्शन म्हणायचीच नाही. गल्लीत ऐटीत सांगायची, "आमच्या पोट्टीचा पगार आला."

मी रिकामी बसत नव्हते. आमचं गाव मध्य प्रदेशात, घरात बोलणं मराठी आणि कचेरीत सगळं हिंदी. मी मॅट्रिक, त्यात हिंदीत पक्की, म्हणून गल्लीतले सगळे अर्ज माझ्याच हातचे. 'सविनय निवेदन है' लिहून लिहून माझं बोट वाकडं झालं होतं. पैसे मी कोणाकडून घेतले नाहीत. कोणी वांगी आणून द्यायचं, कोणी मूठभर तुरीची दाळ.

आणि समोरच्या घरात मावशी होती. माझ्या आईची ती कोणी लागत नव्हती. पांढुर्ण्याहून लग्न होऊन आमच्या गल्लीत आली, म्हणून पांढुर्ण्याची मावशी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. हात चालत होते तोवर बागांत राबली. आता डोळ्यांनी अंधुक दिसायचं, म्हणून दारात बसून सगळ्या गल्लीवर नजर ठेवायची, ती कानांनी. ज्या घरी भाकरीचा आवाज यायचा त्या घरी जेवायची, आणि जेवून झालं की मीठ कमी होतं म्हणून सांगायची. पण तिला कोणी कधी उठ म्हटलं नाही. रोज संध्याकाळी विहारात सगळ्यांत मोठ्या आवाजात पंचशील तीच म्हणायची.

त्या हिवाळ्यात मला तहान लागायची ती भागेचना. घागर मी एकटीच संपवून राहिले होते. पायात चामड्याच्या पट्ट्यांचा, लोखंडी सळ्यांचा बूट असायचा, छिंदवाड्याच्या शिबिरात मिळालेला. त्याचा पट्टा घासून घोट्याला जखम झाली होती आणि काही केल्या सुकत नव्हती. मी हळद भरत होते, आई राग भरत होती. मग एक दिवस मावशी आमच्या मोरीत हात धुवायला गेली, तिच्या पायावर मुंग्या चढल्या आणि ती तिथूनच ओरडली.

"अवं, राशनची साखर मोरीत सांडून राहिल्या का तुमी? कित्ती मुंग्या ह्या!"

आई धावत आली. साखर आमच्या डब्यात तळाला लागलेली, ती कोण सांडणार? आई माझ्याकडं संशयानं पाहायला लागली, मी आईकडं. डब्याचं झाकण उघडून बघितलं, साखर होती तितकीच होती. मग मला शाळेत ऐकलेलं आठवलं, लघवीत साखर उतरली की तिला मुंग्या लागतात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले.

दवाखान्यात कंपाउंडरनं काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्टोव्हच्या जाळावर धरली. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं. मी मान लांब करून बघत होते. मग एकदम मस्त नारिंगी रंग आला आणि मी म्हटलं, "वा!"

डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचाच. म्हणाला, "ताई, खूश काय होऊन राहिल्या? शुगर आहे तुम्हाला."

माझं तोंड तिथंच उतरलं. डॉक्टरनं समजावून सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, लाडू-जिलबीचं नाव काढायचं नाही. पायाची जखम रोज धुवायची, कारण शुगरवाल्याची जखम चिघळली तर पाय कापावा लागतो. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, जो पाय आहे तो नावालाच आहे, त्यातही कापाकापी?" तो हसला नाही. म्हणाला, "नावाला असो की कामाला, तो वाचवायचा आहे." मग मी विचारलं, "संत्री?" तो म्हणाला, "सध्या तीही नको." आंब्या बहाराची फळं तोडणीला आलेली, सगळं गाव संत्र्याच्या वासानं भरलेलं, आणि मला संत्री नको! मी सौंसरात राहते की कुठं राहते, असंच झालं मला.

उठताना त्यानं आणखी एक सांगितलं. पेन्शनच्या कागदात ही बीमारी चढवून घ्या, म्हणजे गोळ्या दवाखान्यातूनच मिळत राहतील, बाहेरून घ्याव्या लागणार नाहीत. तिथून खरी भानगड सुरू झाली.

ही पेन्शन निराश्रित अपंगांची, म्हणून दर हिवाळ्यात मला कचेरीत जाऊन एका कागदावर सही करावी लागायची. मी जिवंत आहे, मला जमीन नाही, माझं कोणी नाही आणि मागच्या वर्षापासून माझ्या तब्येतीत काही बदल नाही. यातली पहिली गोष्ट ते समोर बघूनही मानायचे नाहीत, ती लिहूनच पाहिजे. बाकीच्या गोष्टी मी आजवर न वाचताच सही करत आले होते. सवयच पडली होती. पण आता बदल होता ना! तोही चांगला नारिंगी रंगाचा.

आई म्हणाली, "बदल नाई म्हणून सही करून टाक. पाय तं तसाच आहे ना?"

"पाय तसाच आहे. पण शुगर झाली ना आई."

"शुगर काय पायात झाली? त्यायचा कागद पायाचा आहे."

मी म्हटलं, कागद सगळ्या माणसाचा आहे. आईनं कपाळाला हात लावला. तिची भीती वेगळीच होती आणि खरं सांगायचं तर ती खोटी नव्हती. आमच्याकडं तेव्हा शुगर म्हणजे शेठ लोकांचा रोग. गादीवर बसून पेढे खाणाऱ्याला होणारा. गल्लीत कोणाला शुगर झाल्याचं कोणी ऐकलंच नव्हतं. आई म्हणाली, "कचेरीवाले म्हणतीन, हिच्या घरी रोज शिरा होऊन राहिला, म्हणून शुगर झाली. मंग निराश्रित कायची? पेन्शन काटून टाकतीन. आन् मंग मी जातो पुन्हा कापूस वेचाले, तू पाय पसरून खरं बोलत बस!"

मलाही राग आला. मी म्हटलं, खोटी सही केली आणि उद्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरून कळलं, तर पेन्शनही जाईल आणि तोंडही काळं होईल. पण तिचं ते 'कापूस वेचाले' माझ्या कानातून जाईना. रात्री कूस बदलताना ती कण्हायची, ते मी ऐकत होते. गोळ्या पाहिजेत आणि पेन्शनही पाहिजे, दोन्हीतलं एकही सोडता येत नव्हतं. शेवटी दोघींचं बोलणं बंद झालं आणि मी कचेरीत गेले.

खिडकीमागचे बडे बाबू मला ओळखत होते, गल्लीचे अर्ज घेऊन मी नेहमी जायची. त्यांनी कागद पुढं सरकवला आणि बोटानं सहीची जागा दाखवली. मी म्हटलं, "बाबूजी, बदल है. शुगर निकली है."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शुगर? तुमको? खाती क्या हो?"

"ज्वारी की रोटी."

"और?"

"और कभी कभी ज्यादा रोटी."

मागच्या टेबलावरचा एक जण फिस्सकन हसला. बडे बाबूंना ते आवडलं नाही. म्हणाले, ही तर बड्या लोकांची बीमारी, तुमच्या परिस्थितीत सुधार झालेला दिसतो. आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाबूजी, लंगडी होताना मी सरकारला विचारलं नव्हतं, शुगर होतानाही नाही विचारलं. माफ करा, पुढच्या बीमारीला अर्ज देऊन होईन." हे मी मराठीतच बोलले, कारण हिंदीत मला तितकं झोंबणारं बोलता येत नाही. त्यांना सगळं समजलं. त्यांनी कागदावर शांतपणे लाल शाईनं लिहिलं: घरी जाऊन जाँच, पंचनामा.

घरी येऊन सांगितलं तर आई भांडली नाही, ते जास्त वाईट होतं. ती नुसती विळा-खुरप्याच्या कोपऱ्याकडं पाहत बसली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. कोणी आजारी पडलं की त्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही. आणि सौंसरात हिवाळ्यात हातात दुसरं येणार काय? गल्लीतली अर्धी माणसं बागेत तोडायला नाहीतर पेट्या भरायला. डाग पडलेलं, लहान निघालेलं फळ पेटीत जात नाही, ते मजुरांना घरी न्यायला मिळतं. मला शुगर झाली ही बातमी मावशीच्या तोंडून गल्लीभर गेली आणि संध्याकाळपासून संत्र्यांचा ओघ सुरू झाला. पदरातून, टोपलीतून, थैलीतून. मी म्हणायची, "अवं बाई, मला चालत नाहीत, डॉक्टरनं मना केलं." त्या म्हणायच्या, "असू दे, बिमार माणसाले संत्री चांगली असते." एकीनं तर समोर बसून सोलून फोडी हातात दिल्या आणि मी नाही म्हटल्यावर स्वतः खाल्ल्या. दोन-तीन दिवसांत आमच्या ओसरीवर संत्र्यांचा ढीग झाला. आईनं त्यावर पोतं टाकलं तर खालून घरंगळायला लागली. वाटायची म्हटलं तर वाटायची कोणाला? सगळ्यांनीच तर आणलेली.

आणि तशात जाँचवाले साहेब आले. महसूल निरीक्षक, पटवाऱ्याच्या वरचे. वर सागर जिल्ह्याकडचे, हिंदी मुलखातले, नवीनच बदलून आलेले, आमच्या भागातला पहिलाच हिवाळा त्यांचा. सायकल भिंतीला लावली, ओसरीवर पाय ठेवला आणि तिथंच थबकले.

"ये क्या है?"

आई म्हणाली, "संत्रे है साहब. बैठो."

"वो तो दिख रहा है. बगीचा कहाँ है तुम्हारा?"

आईला प्रश्नच कळला नाही. मला मात्र कळला. मी घाईघाईनं सांगायला लागले की बगीचा नाही, हे लोकांनी दिलं, मी बीमार आहे म्हणून दिलं. ते म्हणाले, "बीमारी शुगर की, और लोग देते हैं संतरे? इतने?" मी म्हटलं, "हो ना साहेब, मीही तेच म्हणून राहिले त्यांना!" त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात गल्लीतल्या दोघी आल्या, पंच म्हणून बोलावलेल्या. दोघींच्या पदरात संत्री. एकीनं येताच ढिगावर ओतली आणि मला विचारलं, "कशी आहे वं तब्येत?" मग तिसरी आली. तिनं एका हातानं ओतली, दुसऱ्या हातानं साहेबांना नमस्कार केला. चौथीनं तर थेट साहेबांनाच दोन दिली, कारण ते उन्हातून आले होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता. ते हातात संत्री घेऊन उभे राहिले. इकडं बघू की तिकडं बघू, असं झालं त्यांना. मला एकदम हसू फुटलं आणि आईनं मला चिमटा काढला. तेही शेवटी हसले. टोपण परत लावलं आणि म्हणाले, "ठीक है, बगीचा नहीं है." आणि खाली बसून त्यांनी एक संत्रं सोललं.

मला वाटलं सुटलो. पण पाचवी पंच यायची होती आणि पाचवी होती मावशी.

साहेबांनी पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. बायका माना डोलावत होत्या. जमीन नाही, घर मातीचं, आई कंबरेनं अधू, मुलगी पायानं अधू, वर शुगर. सगळं बरोबर. मग शेवटचं वाक्य: "इसका कोई नहीं है." तिघींनी अंगठे लावले, एकीनं तर सही केली, मीच शिकवलेली. शाईची डबी मावशीपुढं आली. मावशीनं हात पदराखाली घेतला.

"काय लिवलं म्हणे थे शेवटी?"

मी सांगितलं, "हिचं कोणी नाही, असं लिहिलं आहे मावशी. लाव अंगठा."

"कोणी नाही? मंग मी कोण आहो? मेली का मी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मावशी हसत नव्हती. साहेबांनी समजावलं, अम्मा, असं लिहावं लागतं. आई काकुळतीला आली, "अवं, कागदावर तसं लिहाचं असते, खरं थोडीच असते!"

"मंग खोट्यावर आंगठा लावू का? रोज पंचशील घेतो मी. खोटं बोलणार नाही म्हणतो रोज संध्याकाळी, आन् सकाळी इथं आंगठा लावू? ह्या पोट्टीले मी खांद्यावर घेऊन छिंदवाड्याच्या मोटारीत बसवली आहे. कोणी नाही म्हणते!"

पाच पंचांशिवाय पंचनामा पुरा होत नव्हता. मला तिचा असा राग आला! मी म्हटलं, "मावशी, तुझ्या सत्यापायी माझी पेन्शन जाईन. माझी आई जाईन का वावरात या कमरेनं?"

"गेली पेन्शन तं गेली. मी पोसीन."

"कशानं पोसशील? तूच दुसऱ्याच्या चुलीवर जेवते!"

बोलून गेले आणि जीभ चावली. मावशीला मात्र काही वाटलं नाही. ती म्हणाली, "मंग काय झालं? तिथून तुलेही आणीन."

साहेब आता तिच्याकडं नीट बघायला लागले. "अम्मा, आपकी ज़मीन है?" नाही. "कमाई?" नाही. "घर में कौन है?" मी एकटी. "आपको वृद्धा पेंशन मिलती है?"

"मले? मले कायले? मी काय लंगडी आहो?"

मी तिला आधी कितीदा म्हटलं होतं, म्हाताऱ्यांचीही पेन्शन असते, अर्ज लिहून देते. ती म्हणायची, गल्लीत जेवतो ना मी. आता साहेबांनी आपल्या थैलीतून दुसरा कागद काढला. भला माणूस होता. म्हणाले, आता एकदाच सगळं करून टाकू, म्हातारीचीही जाँच आजच लिहितो. भराभर लिहिलं. मग मला म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, अम्माच्या कागदावर तुम्ही पंच म्हणून सही करा, त्या तुमच्या कागदावर अंगठा लावतील. बराबर का नाही? आणि हसून पेन माझ्या हातात दिला.

मी खाली वाचलं. 'इनका कोई नहीं है.'

आई डोळ्यांनी खुणावत होती, कर, कर सही. एका सहीत मावशीला पेन्शन, मला पेन्शन, गोळ्या, आईची कंबर, सगळं सुटत होतं. मी पेन टेकवला. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला धड दिसत नव्हतं, तरी बघत होती. मी आयुष्यात शेकडो ठिकाणी हे वाक्य लिहिलं होतं. विधवांसाठी लिहिलं, म्हाताऱ्यांसाठी लिहिलं, स्वतःसाठी तर दरसाल सही केली होती. पण त्या दिवशी माझा हात पुढं सरकेना. मी पेन खाली ठेवला आणि म्हटलं, "साहेब, मी नाही करत."

आई मटकन खाली बसली, कंबर विसरून.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं, चौघी बायकांकडं पाहिलं, मग त्या संत्र्यांच्या ढिगाकडं. "अरे भाई," ते म्हणाले, "मैं निराश्रित ढूँढने आया था, यहाँ तो कोई निराश्रित है ही नहीं!" मग बराच वेळ त्यांनी संत्र्याच्या बिया हातावर घेऊन बघितल्या. शेवटी त्यांनी दोन्ही कागद जवळ ओढले, दोन्हीतल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिलं. लिहून मोठ्यानं वाचलं: "घर में कमाने वाला कोई नहीं है."

"ये चलेगा, अम्मा?"

मावशीनं मला विचारलं, "काय लिवलं?" मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "हे खरं आहे," आणि अंगठा असा दाबला की खालची पाटी हलली. मी तिच्या कागदावर सही केली. साहेब उठताना म्हणाले, खोडाखोड आहे, वर पास होईल की नाही ते मला माहीत नाही, मग मला दोष देऊ नका. आईनं त्यांच्या सायकलच्या हँडलला संत्र्यांची थैली अडकवली. ते नको नको म्हणत होते, आणि पुढच्या वळणावर चौथीनं दुसरी अडकवली.

पुढच्या महिन्यात पेन्शन आली नाही. आई कपाशीवाल्याकडं काम विचारून आली. त्या रात्री मी जेवले नाही. मला वाटत होतं, एक वाक्य, साधं एक वाक्य होतं, करून टाकायला पाहिजे होती सही. मावशी मात्र रोजच्यासारखी आमच्याकडं जेवली आणि भाजीत मीठ कमी होतं म्हणाली.

त्याच्या पुढच्या महिन्यात बोलावणं आलं. मागची मिळून दोन महिन्यांची पेन्शन आली होती. मावशीचंही नाव होतं. आम्ही दोघी गेलो, ती माझा हात धरून, मी तिचा. खिडकीशी लांब रांग. आधी मावशीचं नाव पुकारलं. बाबूंनी नोटा पुढं केल्या आणि अंगठ्याची जागा दाखवली. मावशीनं नोटांना हात लावला नाही.

"वाचून दाखवा. काय लिवलं आहे माह्यावाल्या कागदात?"

बाबू वैतागले. मागून रांगेतले लोक कावले, "चलो चलो अम्मा!" मावशी हलली नाही. शेवटी बाबूंनी फाइल काढली आणि कंटाळलेल्या आवाजात वाचलं, "घर में कमाने वाला कोई नहीं है."

"बरोबर," मावशी म्हणाली. "कमावणारं कोणी नाही. बाकी सगळे आहेत." मग अंगठा लावला आणि नोटा पदरात बांधल्या.

मग माझं नाव पुकारलं. बाबूंनी मला ओळखून लगेच पेन पुढं केला. मागं लोक आता खरंच ओरडायला लागले होते. मी पेन घेतला नाही. म्हटलं, "बाबूजी, माझंही वाचा."